ड्युटी शून्य आणि दार बंद: वाशीतल्या एका तुरीच्या सौद्याचं प्रकरण

हे प्रकरण २०१७ चं आहे. मी तेव्हा मस्जिद बंदरच्या एका छोट्या पेढीत इम्पोर्टची कागदपत्रं बघायचो. पेढीचं नाव, तिकडच्या माणसांची नावं, काहीच देत नाहीये. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे, मीही अण्णाच म्हणतो. गरीब देशांना मदत नको, व्यापार नीट करू द्या, ते स्वतःच वर येतील, हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं, मीही कॉलेजात एका निबंधात लिहिलेलं. पण "नीट" म्हणजे नक्की काय ते मला या एका सौद्यात कळलं, आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ही की यात दार लावणारा श्रीमंत देश युरोप किंवा अमेरिका नव्हता, आपण होतो.

पार्श्वभूमी

२०१५ ची दिवाळी आठवा. तूरडाळ मुंबईत दोनशे रुपये किलो झालेली. आमच्याकडे वरण बंद होऊन मसुराची आमटी सुरू झाली होती आणि आई डाळीच्या डब्याचं झाकण असं लावायची की जणू आत दागिने आहेत. दोन वर्षं पाऊस कमी, २०१५-१६ ला देशात तूर जेमतेम २५ लाख टन झाली, म्हणून सरकार बाहेर डाळ शोधत फिरत होतं. त्यातच जुलै २०१६ मध्ये पंतप्रधान मोझांबिकला गेले तेव्हा डाळींचा करार झाला, पहिल्या वर्षी १ लाख टन आणि वाढवत वाढवत २०२०-२१ पर्यंत २ लाख टन असा.

मोझांबिकच का, तर तिथली तूर निघते जुलै ते सप्टेंबरात. आपली येते डिसेंबर-जानेवारीपासून. म्हणजे गणपती ते दिवाळी, जेव्हा इथल्या गोदामांचा तळ दिसायला लागतो नेमकी तेव्हा आफ्रिकेची तूर न्हावा शेवाला लागते. बाजारात तिला "गजरी" म्हणतात, ठिपकेदार दाणा, डाळ पडते चांगली. आणि गंमत म्हणजे तिकडचे लोक ती फारशी खात नाहीत, मक्याच्या ओळींमध्ये लावतात आणि जवळजवळ सगळी विकतात. गिऱ्हाईक एकच, भारत. हे नंतर फार महागात पडलं, तेव्हा मात्र आम्हाला ते सोयीचं वाटत होतं.

ड्युटीचा प्रश्नच नव्हता. २००५ साली हाँगकाँगला डब्ल्यूटीओच्या, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या बैठकीत ठरलं होतं की श्रीमंत देशांनी सगळ्यात गरीब देशांचा बहुतेक माल बिनड्युटी, बिनकोटा घ्यायचा, निदान ९७ टक्के प्रकारांवर. विकसनशील देशांपैकी आपण यात पुढे होतो, २००८ मध्ये आपण त्यांच्यासाठी ड्युटी-सवलतीची योजना आणली आणि २०१४ ला ती ९८ टक्क्यांपर्यंत वाढवली. मोझांबिक त्या यादीत. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल त्याच देशाचा असल्याचा दाखला) नीट असलं की तुरीवर शून्य. कागदावर बघाल तर याहून न्याय्य व्यापार काय असणार.

अण्णा मूळचे लातूरकडचे. वाशीच्या दाणा मार्केटमध्ये त्यांचा एक गाळा, पेढी जुनी मस्जिद बंदरला, मी रोज हार्बरने ये-जा करून दोन्हीकडची कागदं सांभाळायचो. नोव्हेंबर २०१६ मध्ये अण्णा स्वतः मोझांबिकच्या उत्तरेतल्या नांपुलाला गेले, अकरा दिवस. मोठे एक्स्पोर्टर मधल्या दलालांकडून माल उचलतात, दलाल गावात जाऊन वजनकाट्यात मारतात, हे त्यांनी बघितलेलं. त्यांना थेट शेतकऱ्यांच्या गटांकडून घ्यायचं होतं. मोठं समाजकार्य वगैरे नाही, त्यांचं म्हणणं सरळ होतं की दलालाचे पैसे अर्धे त्यांना अर्धे आपल्याला. सहा गट, मिळून सहाशेच्या आसपास घरं, ४०० टन, म्हणजे १६ कंटेनर. भाव १८ मेटिकाई (मोझांबिकचं चलन) किलो, पेरणीच्या वेळीच ठरवलेला, खाली जाणार नाही. ३० टक्के ॲडव्हान्स. तेव्हाच्या रेटने हा ॲडव्हान्स साधारण १९ लाख रुपये होत होता.

तिथे एका आंब्याखाली बैठक झाली. अण्णा हिंदीत बोलले, एकाने पोर्तुगीजमध्ये केलं, दुसऱ्याने त्याचं तिथल्या माकुवा भाषेत. अण्णा काय बोलले ते मी त्यांच्या फोनमधल्या व्हिडिओत बघितलंय: "लगाओ। बंबई लेगा।" दोनच वाक्यं, पण ती दोन भाषांतून जाईपर्यंत लोक हसायला लागलेले, एक बाई उठून टाळ्या वाजवतेय.

अडचण

इकडे २०१६ चा पाऊस चांगला झाला. भाव बघून महाराष्ट्र, कर्नाटक सगळीकडे लोकांनी तूर लावली आणि पीक आलं जवळपास ४८ लाख टन, आदल्या वर्षाच्या दुप्पट जवळजवळ. हमीभाव बोनस धरून ५,०५० रुपये क्विंटल, आणि बाजारात चार हजारालाही कोणी विचारेना. एप्रिल २०१७ मधल्या बातम्या आठवत असतील, खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना संपला म्हणून खरेदी बंद, लोक पोत्यांवर झोपलेले.

अण्णांचे धाकटे भाऊ, तात्या, औसा भागात शेती करतात. तेही त्या रांगेत होते. पाडव्याला अण्णा गावी गेले तेव्हाचं त्यांनीच मला सांगितलेलं. ताटावर बसल्या बसल्या तात्या म्हणाले, "आमची तूर दारात पडलीय, अन् तू तिकडनं जहाजं भरून आणायलास व्हय रे?" वहिनींनी विषय बदलायला श्रीखंड वाढलं. अण्णांनी काही उत्तर दिलं नाही. द्यायला नव्हतंच.

त्याच सुमाराला, मार्च २०१७ च्या शेवटी, सरकारने तुरीवर १० टक्के इम्पोर्ट ड्युटी लावली. इथे आमची पहिली मोठी चूक आहे आणि ती माझीही आहे, कारण अण्णांनी मला विचारलं आणि मी छातीठोक सांगितलं की आपल्याला लागू नाही, मोझांबिक सवलतीच्या यादीत, आपली शून्यच. बरोबर होतं. पण मी फक्त ड्युटीचा आकडा बघितला, सरकार घाबरलंय हे बघितलं नाही. ज्या सरकारने मार्चमध्ये ड्युटी लावली ते ऑगस्टमध्ये आणखी काही करू शकतं हे दाणा बंदरातल्या हमालालाही कळत होतं, एकाने तर मला चहा पिताना म्हटलंही, "साहेब, आता दरवाजा लागणार."

लागला. शनिवार, ५ ऑगस्ट २०१७. तूर "मुक्त" मधून काढून "निर्बंधित" मध्ये टाकली, आणि वर्षाला २ लाख टन एवढीच मर्यादा. सरकारी करारातला माल या मर्यादेच्या बाहेर ठेवलेला, पण आमचा सौदा खाजगी. सोमवारी नारळी पौर्णिमा, अर्धं मार्केट थंड, आणि आमच्या गाळ्यावर फोनवर फोन.

तोवर आमचे ४ कंटेनर निघालेले होते, बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती) जुलैच्या शेवटच्या आठवड्याचं, ते वाचले. उरलेले ३०० टन काही नाकाला बंदराच्या वाटेवर ट्रकमध्ये, काही गावात, काही तर अजून झाडावर. म्हणजे दार नेमकं कापणीच्या दिवसांत लागलं. आठवडाभरात नांपुलाहून गटांच्या सेक्रेटरीचा व्हॉइस मेसेज आला, मोडक्या इंग्रजीत, की दलाल गावात ६ मेटिकाई बोलतायत आणि उद्या ५ बोलतील.

समोरचे पर्याय

यावर आम्ही जवळजवळ तीन आठवडे डोकं फोडलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं अर्थातच सोडून द्यायचं. ॲडव्हान्स बुडाला म्हणायचं, हात वर करायचे. आमच्या आसपासच्या दोघांनी हेच केलं आणि धंद्याच्या हिशोबाने ते चूक होते असं मी म्हणणार नाही. करारात सरकारी बंदीचं काही लिहिलेलं नव्हतं, पण नांपुलाची माणसं वाशीत येऊन कोणावर दावा ठोकणार होती?

दुसरं, कायद्यातली फट. आमच्या सीएचएने, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटने, सांगितलं की फॉरेन ट्रेड पॉलिसीत एक सर्वसाधारण तरतूद असते, बंदी यायच्या आधी पक्की, रद्द न होणारी एलसी (बँकेचं पैशाच्या हमीचं पत्र) उघडलेली असेल आणि ती १५ दिवसांत रजिस्टर केली तर त्या एलसीपुरता माल साधारणपणे येऊ देतात. मी कागद काढले. एलसी नव्हतीच! आम्ही पैसे टीटीने, म्हणजे थेट बँक ट्रान्सफरने, पाठवलेले, कारण गटांकडे एलसी घेणारी बँक नाही, एलसीचा खर्च त्यांना झेपणार नाही, म्हणून अण्णांनीच सोपा रस्ता काढला होता. म्हणजे छोट्या माणसाला सोयीचं म्हणून जे केलं त्याचमुळे छोटा माणूस बाहेर राहिला. ज्या बड्या एक्स्पोर्टरांचे सगळे व्यवहार बँकेतून एलसीवर होतात त्यांना निदान दार ठोठवायला एक कागद तरी होता. न्याय्य व्यापारावर बोलताना लोक ड्युटीवर बोलतात, या असल्या कागदांवर कोणी बोलत नाही.

तिसरं, तिकडेच डाळ पाडून आणायची. हे माझं डोकं. अख्खी तूर अडवलीय तर डाळ आणू, शिवाय त्यांच्याकडे दोन पैसे जास्त राहतील. सीएचए हसला. तुरीचा एचएस कोड (कस्टम्समध्ये मालाला असलेला क्रमांक) ०७१३६० आहे आणि तो अख्ख्या तुरीलाही तोच, सोललेल्या, भरडलेल्या डाळीलाही तोच. संपला विषय.

चौथं, सरकारी कराराच्या कोट्यात घुसायचं. आम्हाला सांगण्यात आलं की तिथे कोणाचा माल जाणार ते तिकडच्या नेमलेल्या पुरवठादारांतून ठरतं. म्हणजे आपला माल त्यांना विकायचा, ते देतील त्या भावाने.

पाचवं, थांबायचं. गोदामात ठेवायचं, कधीतरी दार उघडेल. पण तूर म्हणजे काही लोखंड नाही. पत्र्याच्या गोदामात, नाकालाच्या दमट हवेत, धुरी दिली तरी भुंगा लागतो, तीन महिन्यांत दाण्याला भोकं दिसायला लागतात.

आणि या सगळ्यावर तात्या. अण्णा एकदा म्हणाले, "ह्यांना पूर्ण पैसे दिले तर मी तिकडचा, नाही दिले तर मी चोर." कोणाच्या बाजूने उभं राहायचं हा प्रश्न मला तेव्हा फार मोठा वाटायचा. आता वाटतं तो प्रश्नच चुकीचा मांडलेला होता. तात्यांचा भाव आमच्या १६ कंटेनरांनी पाडला नव्हता, ४८ लाख टनांत ४०० टन म्हणजे काय. तो पाडला खरेदी केंद्रांनी, ज्यांच्याकडे पोती नव्हती. हमीभाव जाहीर करून ठेवला आणि घ्यायची तयारी केली नाही, मग राग कुठे काढणार, बाहेरून येणाऱ्या मालावर. दार लावायला एक नोटिफिकेशन पुरतं, लाखो टन तूर विकत घ्यायला गोदामं, बारदाना, माणसं, पैसा लागतो.

काय ठरलं आणि काय केलं

२९ ऑगस्टला मुंबई तुंबली. हार्बर बंद, आम्ही तिघं रात्रभर मस्जिद बंदरच्या पेढीत अडकलो, खाली रस्त्यावर गुडघाभर पाणी. गणपतीचे दिवस, घरी सगळे वाट बघत होते. त्या रात्री अण्णांनी वहीत हिशोब मांडला आणि पहाटेच्या सुमाराला म्हणाले, १८ देता येणार नाही, ६ ला सोडणार नाही, १२ देऊ.

१२ का? ॲडव्हान्सचे किलोमागे ५.४० मेटिकाई त्यांच्याकडे आधीच होते. वरचे ६.६० मेटिकाई द्यायचे म्हणजे आणखी साधारण २१ लाख रुपये. तेवढी पेढीची ताकद होती, त्याच्या पुढे गेलो तर गाळा गहाण टाकावा लागला असता. एवढं साधं गणित होतं, त्यात तत्त्व वगैरे नंतर चिकटवलेलं.

सेक्रेटरीला फोन मी लावला. तो बराच वेळ गप्प होता, लाईन गेली असं वाटलं. मग म्हणाला, तुम्ही तरी फोन केला. मग लगेच विचारलं, पैसे कधी. तीन हप्त्यांत दिले, शेवटचा नोव्हेंबरात.

३०० टनांचं पुढे असं झालं. १२० टन एका मोठ्या एक्स्पोर्टरने सरकारी करारातल्या आपल्या हिश्श्यासाठी नाकालाला ११ मेटिकाईने घेतले. म्हणजे तीच तूर, तेच बंदर, शेवटी आली भारतातच, फक्त मधे एक माणूस वाढला आणि जो मधला माणूस काढायला आम्ही निघालो होतो तोच जिंकला. १०० टन मलावीतल्या एका दाल मिलला ९ ने गेले. ८० टन गोदामात राहिले, जानेवारीत उघडले तेव्हा १५ टनांचा पार भुगा झालेला, उरलेले ६५ टन ५ मेटिकाईने गेले. गोदाम, ट्रक, धुरी धरून पेढीचं नुकसान सोळा-साडेसोळा लाख. पहिल्या ४ कंटेनरांवर जो नफा झाला तो यातच विरघळला.

निकाल

पेढी टिकली, हे खरं. पण मी शेतकऱ्यांच्या बाजूचा हिशोब सांगतो कारण तो कोणी मांडत नाही. एका घराची साधारण ५०० किलो तूर या ३०० टनांत अडकलेली. १८ च्या जागी १२ मिळाले, म्हणजे ३,००० मेटिकाईचा खड्डा. आपल्या पैशात तीन हजार-सव्वातीन हजार रुपये. अंधेरीत चौघांचं एक जेवण. तिथे सेक्रेटरीने सांगितलं की बऱ्याच लोकांनी त्या पैशात गवताच्या छपरावर पत्रे टाकायचे ठरवले होते, पाच-सहा पत्रे आले असते. त्याने एका घराचा फोटो पाठवलेला, लाकडाचा सांगाडा नवीन उभारलेला, वर काहीच नाही. पावसाळा त्यांचा डिसेंबरात सुरू होतो. त्यांनी परत गवतच टाकलं.

आणि हे १२ मिळालेले लोक नशीबवान. बाकीच्या गावांनी ५-६ ला विकली, काहींनी कापलीच नाही.

पुढच्या हंगामात आमच्या गटांतल्या निम्म्याहून जास्त घरांनी तूर सोडून तीळ लावला. तिळाला एकापेक्षा जास्त देशांतून गिऱ्हाईक आहे, म्हणून. यात मला कोणाचा अडाणीपणा दिसत नाही, उलट यालाच शहाणपण म्हणतात. इकडे २०१८ पासून तुरीचा कोटा फक्त दाल मिलवाल्यांना मिळायला लागला, आमच्यासारखा व्यापारी बाहेरच. अण्णांनी आफ्रिकेचा धंदा गुंडाळून चणे-वाटाण्यात लक्ष घातलं, आणि वाटाण्यावरही बंधनं आली हा आणखी वेगळा विनोद.

तात्यांचं विचाराल तर दार लावून त्यांना काय मिळालं? त्या वर्षीची तूर त्यांनी मे महिन्यातच ३,६०० ला विकून टाकली होती, नोटिफिकेशन यायच्या तीन महिने आधी.

डब्ल्यूटीओत या डाळींच्या बंधनांवर प्रश्न विचारले गेले, कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरेंनी. त्यांच्याकडे जिनिव्हात वकिलांची फौज आहे. नांपुलाच्या सहा गटांच्या वतीने तिथे कोण बोलणार. आणि हे आपल्याला नवीन नाही, अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना सबसिडी देते म्हणून आमचा भाव पडतो, असं बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या चार देशांनी २००३ पासून डब्ल्यूटीओत मांडलंय, तेव्हा आपण मान डोलावतो. विदर्भातल्या कापसाचा दाखला आपणही देतो. तुरीच्या बाबतीत आपण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलोय हे लक्षातच येत नाही.

परत करायचं झालं तर

आता बाहेर उभं राहून बघताना काही गोष्टी स्पष्ट दिसतात, तेव्हा दिसत नव्हत्या.

एक, "लगाओ, बंबई लेगा" हे वाक्य बोलायला नको होतं. मुंबई घेणार की नाही हे अण्णांच्या हातात नव्हतं. जितकं आपण खात्रीने उचलू शकतो तितकंच बोलायचं, आणि बाकी रानात दुसरं काही लावा असं उलट सांगायचं. ४०० टनांऐवजी १५० टन बोललो असतो तर १८ चा भाव शेवटपर्यंत पाळता आला असता.

दुसरं, एलसी. सहा गटांची मिळून एक संस्था तिकडे रजिस्टर करून तिच्या नावाने एलसी उघडता आली असती, खर्च आम्ही उचलायचा. किलोमागे काही पैसेच पडले असते. मी तेव्हा हा खर्च वाचवला म्हणून अण्णांकडून शाबासकी घेतलेली, आठवलं की अजून कसंतरी होतं.

तिसरं, करारात एक ओळ. सरकारने आयात अडवली तर नुकसान कोणी किती सोसायचं. निम्मं-निम्मं म्हणा, साठ-चाळीस म्हणा, पण आधी ठरलेलं. आम्ही जे १२ दिले ते आमच्या मर्जीवर होतं, आणि मर्जीवर मिळतं त्याला भाव म्हणत नाहीत, त्याला बक्षिशी म्हणतात. त्यावर कोणी छप्पर बांधू शकत नाही.

चौथं, मला अजून पटलेलं नाही की आम्ही थेट खरेदी करायलाच नको होती, तरी हे अण्णा हल्ली म्हणतात. दलाल वाईट असतो पण त्याच्याकडे पाच बाजार असतात, एक बंद झाला तर तो दुसरीकडे वळवतो. आम्ही दलाल काढला आणि त्याच्या जागी फक्त एक बाजार दिला. यावर आमचं दोघांचं एकमत होत नाही, राहू दे.

लोक विचारतात मग ते "फेअर ट्रेड" लेबल वगैरे? बांद्र्याच्या कॅफेत कॉफीच्या पाकिटावर असतं ते. चांगलंच आहे, त्यात किमान भाव असतो, वर गटाला प्रीमियम मिळतो. पण तूर कोण लेबल बघून घेतं, वाण्याकडे आपण भाव विचारतो आणि डाळ शिजते का तेवढं बघतो. डाळीपुरता तरी न्याय लेबलात बसणार नाही, तो सरकारच्या नोटिफिकेशनच्या तारखेतच बसवावा लागेल.

तारीख हा शब्द मुद्दाम वापरतोय. आपल्याला आपल्या शेतकऱ्याला सांभाळायचंय, कबूल, तात्यांना सांभाळलंच पाहिजे. त्यासाठी कधीतरी आयात कमी करावी लागेल, तेही कबूल. पण मोझांबिकमध्ये पेरणी नोव्हेंबर-डिसेंबरात होते. पुढच्या ऑगस्टला आम्ही इतकीच घेणार, किंवा घेणारच नाही, हे ऑक्टोबरात सांगितलं तर तिकडचा माणूस तीळ लावेल, मका वाढवेल, शिव्या देईल फार तर. पीक कापून ठेवल्यावर सांगितलं तर त्याच्या हातात काहीच राहत नाही. ड्युटी शून्य ठेवण्यापेक्षा ही गोष्ट स्वस्त आहे, सरकारचा एक रुपया जात नाही.

२०२३ मध्ये चाक परत फिरलं. इथे तूरडाळ पुन्हा दीडशेच्या वर, आयात २०२१ च्या मे महिन्यापासूनच मोकळी केलेली, मोझांबिकचा करारही पुढे पाच वर्षं वाढवलेला, आणि आता आपणच तिकडून माल लवकर सुटावा म्हणून मागे लागलेलो कारण नाकालाला तुरीची जहाजं अडकून पडलेली. त्या नोव्हेंबरात सेक्रेटरीचा अण्णांना फोन आला, सहा वर्षांनी. भाव चांगला आहे म्हणतात, गटातले लोक विचारतायत तूर लावायची का. त्याने एकच विचारलं, तुमचं दार कधीपर्यंत उघडं आहे?

मोकळ्या आयातीची मुदत होती ३१ मार्च २०२४. म्हणजे तेव्हा पेरलेली तूर पुढच्या ऑगस्टात निघेल तोवर मुदत संपलेली. अण्णांनी मला फोन करून विचारलं, मी म्हटलं वाढवतील बहुतेक. अण्णा म्हणाले, "बहुतेक हे पोर्तुगीजमध्ये कसं सांगू?"

मुदत वाढली, मार्च २०२५ पर्यंत. नोटिफिकेशन २८ डिसेंबरला आलं, तोवर तिकडे पेरण्या बहुतेक उरकल्या होत्या. आमच्या सहाशे घरांपैकी दीडशे-एक घरांनी तूर लावली होती, तीही मक्याच्या ओळींमध्ये, अर्ध्या रानात. बाकी रानात तीळ.